बेळगावात बसून वेबसाइट उघडली, की ब्राउझर काय काय सांगतो

फोनवर क्रोम उघडा, ‘माझा आयपी पत्ता’ असं शोधा आणि ठिकाण दाखवणाऱ्या साइटपैकी कुठलीही एक उघडा. टिळकवाडीत बसलेल्या माणसाला तिथे बेंगळूर दिसेल, कुणाला हुबळी दिसेल, कुणाला थेट मुंबई. मग कुणी म्हणतं, यांना काही कळत नाही. कुणी घाबरून फोन बंद करतं. दोन्हीची गरज नाही. वेबसाइटला तुमचं नाव कळत नाही, गल्लीही कळत नाही. पण तुम्हाला न विचारता तुमचा ब्राउझर तिला बऱ्याच बारीकसारीक गोष्टी सांगून मोकळा होतो, आणि त्या एकत्र केल्या की गर्दीतून तुम्हाला वेगळं काढता येतं. सीमाभागातला माणूस तर जरा लवकरच वेगळा निघतो. ते का, हे पुढे येईल.

हा लेख नवीन माणसासाठी आहे. नुसता वाचू नका, फोन हातात घेऊन एकेक गोष्ट बघत चला.

पहिली पायरी: आयपी पत्ता, आणि त्याची भीती किती बाळगायची

तुम्ही पान मागितलं की ते कुठे पाठवायचं हे समोरच्या सर्व्हरला कळायलाच हवं. आयपी पत्ता म्हणजे हाच पोचवायचा क्रमांक, त्यामुळे तो लपत नाही. पण हा पत्ता तुमच्या घराचा नसून तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो. मोबाइलवर तर एकच जुन्या पद्धतीचा, ठिपक्यांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता कंपनी एकाच वेळी कितीतरी ग्राहकांना वाटून देते. दिसणारं शहर म्हणजे कंपनीची वाट जिथून मोठ्या इंटरनेटला मिळते त्याच्या आसपासचा अंदाज. म्हणून खानापूरच्या माणसाला पाचएकशे किलोमीटर दूरच्या बेंगळूरचं हवामान दिसतं आणि तो छत्री न घेता बाहेर पडतो.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. पत्ता लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला दिसत असेल तर तो आयपीव्ही६ प्रकारचा. तो असा वाटून दिलेला नसतो, तुमच्या जोडणीपुरता असतो, मात्र अधूनमधून बदलतो. आणि घरी फायबरची लाइन असेल तर एकच पत्ता बराच काळ टिकू शकतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांची ये-जा एकाच पत्त्यावर जमा होते. अमुक तारखेला अमुक वेळी हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे कंपनीच्या नोंदीत असतं. पोलिसांना कायदेशीर मार्गाने ते मिळू शकतं, वेबसाइटच्या मालकाला नाही.

या पायरीवर करण्यासारखं काही नाही. पुढे चला.

दुसरी पायरी: ब्राउझरची ओळख

पान मागताना ब्राउझर स्वतःची ओळख करून देणारी एक ओळ पाठवतो. तिला युजर एजंट म्हणतात. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमची ओळ आज साधारण अशी सुरू होते: ‘मोझिला/५.०, लिनक्स, अँड्रॉइड १०, के’. तुमच्या फोनात अँड्रॉइड १४ असेल, तरी तिथे १० च येतं. फोन कुठल्याही कंपनीचा असो, मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’. गुगलने २०२३ मध्ये मुद्दामच असं केलं. त्याआधी इथे फोनचं पूर्ण मॉडेल जायचं आणि माणूस ओळखायला तेवढं एक टोक पुरायचं. अर्थात मागच्या दाराची सोय ठेवलीच आहे: वेबसाइटने वेगळं विचारलं तर क्रोम खरं मॉडेल सांगतो. फरक इतकाच, की आता तिला विचारावं लागतं.

याशिवाय पानातला जावास्क्रिप्ट कोड (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) स्क्रीनची लांबी-रुंदी, प्रोसेसरचे कोअर किती, मेमरी अंदाजे किती, बोटाने चालणारा पडदा आहे की माउस, घड्याळ कोणत्या प्रदेशाचं, हे सगळं वाचू शकतो. घड्याळाचा आपल्याकडे फारसा उपयोग नाही. अख्ख्या देशाची वेळ एकच, त्यामुळे त्यावरून भारतातला माणूस एवढंच कळतं.

तिसरी पायरी: भाषांची रांग

इथे मात्र थांबा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ उघडा. वरून खाली एक यादी दिसेल. पुण्यातल्या माणसाकडे बहुधा इंग्रजी, मराठी, फार तर हिंदी. आपल्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी अशी चौकडी सहज निघते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, कचेरीत कन्नड अशी दिवसभराची कसरत असते, मग फोनलाही तेच शिकवलेलं असतं. वेबसाइटने पान कोणत्या भाषेत द्यावं हे तिला कळावं म्हणून ब्राउझर ही पसंती प्रत्येक वेळी सोबत पाठवतो. कुठला ब्राउझर पूर्ण रांग देतो, कुठला फक्त पहिली भाषा.

१९५६ पासून सीमाभागात कुठल्या गावाची भाषा कोणती, यावरून किती कागद रंगले ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि इथे ब्राउझर ते विनातक्रार, न विचारता, दर पानाला नोंदवतो! त्यातही मराठी पहिली आणि कन्नड दुसरी हा क्रम जगात फार थोड्या लोकांचा. आयपीवरून बेंगळूर दिसतंय, ब्राउझर मराठी मागतोय आणि कन्नडही चालेल म्हणतोय. हा माणूस बेळगाव-निपाणीकडचा असावा, हे ओळखायला मोठी अक्कल लागत नाही.

मग यादीतून मराठी काढायची का? माझं मत विचाराल तर नाही. लपल्याचा फायदा चिमूटभर आणि मराठी पानं हातची गेल्याचा तोटा रोजचा. शिवाय मराठी वाचणारे किती येतात, हे वेबसाइटवाले याच यादीवरून मोजू शकतात. तुम्हीच स्वतःला इंग्रजी लावून घेतलंत तर मराठी पान कुणी कशाला बनवेल? जी भाषा आपण वाचतच नाही, फोनने आपोआप घातलीय, तेवढी काढून टाका.

चौथी पायरी: फॉन्ट, आणि ठसा

ही पायरी संगणकावर काम करणाऱ्यांसाठी. शहापुरात आमचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका मराठीत, पावतीपुस्तक कन्नड-इंग्रजीत, गणेशोत्सवाचा अहवाल पुन्हा मराठीत. म्हणून एकाच संगणकात श्रीलिपीचे मराठी फॉन्टही असतात आणि कन्नडचं नुडीही. पुण्याच्या डीटीपीवाल्याकडे नुडी कशाला असेल? म्हैसूरच्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीचे मराठी फॉन्ट तरी कशाला? ही जोडी जिथे आहे, तो संगणक कुठल्या टापूतला हे जवळजवळ लिहून दिल्यासारखं आहे.

वेबसाइटला फॉन्टची यादी सरळ मिळत नाही, ती हुशारीने काढली जाते. कोड एक शब्द न दिसणाऱ्या जागी एका फॉन्टमध्ये लिहितो आणि त्याची रुंदी मोजतो. मग दुसऱ्या फॉन्टचं नाव देऊन पुन्हा मोजतो. रुंदी बदलली म्हणजे तो फॉन्ट या संगणकात आहे. अशी शेकडो नावं डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून होतात. असाच दुसरा प्रकार कॅनव्हासचा. ब्राउझरला एक छोटं चित्र काढायला सांगायचं. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, फॉन्ट यांच्या फरकामुळे ते चित्र यंत्रागणिक एखाद्या ठिपक्याने वेगळं येतं. तो फरक हीच खूण.

या सगळ्या खुणा मिळून जे तयार होतं त्याला ब्राउझर फिंगरप्रिंट म्हणतात, मराठीत ठसा म्हणू. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक नावाचा प्रयोग केला. जवळपास ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातल्या ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कुणाशीही जुळला नाही. कुकी नाही, लॉगिन नाही, तरी ओळख पक्की. पुढे ब्राउझरवाल्यांनी बऱ्याच फटी बुजवल्या, पण पद्धत तीच आहे.

त्याच संस्थेची चाचणी आज ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ नावाने फुकट चालते. ती साइट शोधा, बटण दाबा, मिनिटभर थांबा. शेवटी ‘इतके बिट’ असा आकडा येतो. तो वाचायचा कसा? एक बिट म्हणजे दोघांतला एक, दोन बिट म्हणजे चौघांतला एक, असं दुप्पट करत जायचं. १७ बिट आले तर १,३१,०७२ जणांत तुमच्यासारखा एक. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्या जरा आत होतं, म्हणजे अख्ख्या शहरात तुमच्यासारखे तीन-चार. आकडा बघून लगेच दचकू नका. तिथली तुलना जगभरातून ही चाचणी द्यायला आलेल्यांशी होते, आणि त्यांत मराठी लावलेले ब्राउझर किती असणार? खाली प्रत्येक खुणेचा वेगळा आकडा असतो. भाषा आणि फॉन्ट या दोन ओळी आधी बघा.

उपाय? फॉन्ट काढू नका, पोटावर पाय येईल. कामाच्या संगणकावर इकडे-तिकडे फिरण्यासाठी फायरफॉक्स ठेवा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग संरक्षण ‘कडक’ करा. ॲपलचा सफारी तर तुम्ही स्वतः टाकलेले फॉन्ट वेबसाइटला दाखवतच नाही.

पाचवी पायरी: कुकी

कुकीबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यात. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवून जाते आणि पुढच्या भेटीत ती परत वाचते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली, आणि तिच्याशिवाय लॉगिन किंवा खरेदीची टोपली चालणार नाही. कटकट होते ती त्रयस्थ कुकीची. तुम्ही एका दुकानाच्या साइटवर मिक्सर बघता. त्या पानावर जाहिरात कंपनीचा तुकडा असतो, तो चिठ्ठी ठेवतो. संध्याकाळी बातम्या वाचताना त्याच कंपनीचा तुकडा तिथेही असतो, चिठ्ठी ओळखतो आणि मिक्सर तुमच्यामागे घरभर फिरतो.

सफारीने २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून सगळ्यांसाठी आपोआप प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गुगलने २०२० च्या जानेवारीत दोन वर्षांत बंद करतो म्हणून सांगितलं, मग तारखा पुढे ढकलत २०२४ मध्ये बेतच सोडला. जाहिरातीवर ज्याचं घर चालतं त्याच्याकडून याहून वेगळी अपेक्षाही नव्हती. म्हणून क्रोममध्ये हे काम आपणच करायचं: वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, गोपनीयता व सुरक्षेचा भाग, तिथे त्रयस्थ कुकी ब्लॉक करा. क्वचित एखादी पैसे भरायची साइट अडेल. तेव्हा पत्त्याच्या पट्टीवरून तेवढ्या साइटला मोकळीक द्या, सगळ्यांना नको.

लिंकची शेपूट

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली लिंक नीट बघा. बातमीच्या पत्त्यानंतर प्रश्नचिन्ह असतं आणि पुढे भलीमोठी शेपूट. त्यात ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे असतील तर वाचक कुठून आला याची ती नोंद. ‘एफबीक्लिड’ असेल तर फेसबुकवरच्या कुणाच्या तरी क्लिकची खूण. यूट्यूबची लिंक शेअर केली की मागे ‘एसआय’ लागतं, तेही याच जातीचं. पुढे पाठवण्याआधी प्रश्नचिन्हापासूनचा भाग उडवा आणि लिंक उघडते का ते एकदा बघा. काही ठिकाणी, उदाहरणार्थ यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये, व्हिडिओचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर असतो. तो उडवला तर काहीच उरत नाही.

सहावी पायरी: परवानग्या. खरी गळती इथे

आतापर्यंतचं सगळं ब्राउझर आपणहून सांगत होता. परवानगीत मात्र ‘हो’ आपणच म्हणतो. आणि आमच्या दुकानात फोन घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार या एका ‘हो’पाशी येऊन थांबते.

वडगावच्या एक मावशी परवा फोन पुढे करून म्हणाल्या, “हे बघा की हो, फोन सारखा व्हायरस आलाय म्हणून ओरडूलाय!” वरून पट्टी ओढली तर तीस-चाळीस सूचना. लाल त्रिकोण, ‘तुमचा फोन धोक्यात’, ‘लगेच साफ करा’, ‘बक्षीस लागलं’. व्हायरस कसला? नातवाचा निकाल बघायला कुठल्याशा भलत्याच साइटवर गेल्या होत्या. ‘निकाल बघण्यासाठी परवानगी द्या’ असं लिहिलं होतं, त्यांनी दिली. ती परवानगी निकालाची नव्हतीच, सूचना पाठवायची होती. त्या दिवसापासून ती साइट बंद असतानाही फोनच्या पट्टीवर जाहिराती टाकत होती. आम्ही काय केलं, ते तुम्हीही आत्ता करून बघा:

क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. नाव ओळखीचं नसेल तर त्यावर बोट ठेवा आणि ब्लॉक करा. ओळखीचं असलं तरी त्या साइटच्या सूचना हव्यात का, विचार करा. मग त्याच पानावर नवीन साइटने विचारणंच बंद करायची सोय असते, ती चालू करून टाका. कुणाचं काही अडत नाही.

आता एक पाऊल मागे येऊन ‘स्थान’ उघडा. आयपीवरून बेंगळूर दाखवणारी साइट स्थानाची परवानगी मिळाली की जीपीएस आणि आजूबाजूच्या वायफायवरून तुमचं ठिकाण काही मीटरपर्यंत अचूक काढू शकते. नकाशाला ती द्यावी, तीही वापरताना. बातमीच्या, पाककृतीच्या, राशिभविष्याच्या साइटला तुमचं घर कळायचं कारण नाही. कॅमेरा आणि मायक्रोफोनची यादी तर बहुधा रिकामीच असायला हवी. रिकामी नसेल तर आत्ताच करा.

फॉर्म भरताना

वेबसाइट तुमचे फोटो, संपर्कयादी, दुसऱ्या टॅबमधलं पान आपल्या आपण बघू शकत नाही. पूर्वी कुठल्या लिंकचा रंग बदललाय यावरून तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात हे ताडता यायचं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये त्यावर उपाय सुचवला आणि हळूहळू सगळ्या ब्राउझरांनी तो घेतला.

पण रकान्यात टाइप केलेलं अक्षर ‘सबमिट’ दाबेपर्यंत आपल्याकडेच राहतं, ही समजूत सोडा. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी जगातल्या आघाडीच्या १ लाख साइट तपासल्या. अमेरिकेतून उघडल्यावर त्यातल्या २,९५० साइटवर, आणि युरोपातून उघडल्यावर १,८४४ साइटवर, फॉर्म पाठवायच्या आधीच रकान्यातला ईमेल दुसऱ्या कंपन्यांकडे जात होता. म्हणून ‘नुसतं बघू, भरून सोडून देऊ’ म्हणत खरा मोबाइल नंबर घालू नका. ईमेल आणि नंबर ही सगळ्यात घट्ट गाठ. त्याआधीचा ठसा, कुकी, पत्ता सगळं तिला येऊन चिकटतं. ‘गुगलने लॉगिन करा’चं बटणही तसंच, सोयीचं आहे पण वापरताना काय देतोय ते ठाऊक असावं.

गुप्त टॅब आणि व्हीपीएन

गुप्त (इनकॉग्निटो) टॅब बंद केला की इतिहास आणि कुकी तुमच्या फोनवरून पुसल्या जातात. घरातल्या दुसऱ्या माणसापासून लपण्यापुरता तो ठीक. आयपी तोच राहतो, ठसाही बहुतेक तोच. याच गैरसमजावरून अमेरिकेत गुगलवर २०२० मध्ये दावा झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने गुप्त मोडमध्ये गोळा झालेल्या माहितीच्या मोठ्या साठ्याची विल्हेवाट लावायचं कबूल केलं.

व्हीपीएन म्हणजे तुमची ये-जा मधल्या एका सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. वेबसाइटच्या नजरेत तो आयपी बदलतो, बाकी काही नाही. बेंगळूरच्या जागी सिंगापूर दिसेल, पण ‘मराठी, मग कन्नड’ तसंच जाईल. सिंगापुरात बसून मराठी-कन्नड मागणारा माणूस बेंगळूरवाल्यापेक्षाही दुर्मीळ, नाही का? फुकटच्या व्हीपीएनच्या वाटेला तर जाऊच नका. तुमची सगळी ये-जा त्याच्या हातातून जाते.

शेवटची पायरी: दुसऱ्याच्या संगणकावर

खेड्यातून येणारी पुष्कळ मंडळी उताऱ्यासाठी, परीक्षेच्या अर्जासाठी, शिष्यवृत्तीसाठी सायबर सेंटर किंवा ‘ग्राम वन’ या कर्नाटक सरकारच्या गावातल्या सेवा केंद्रात जातात. तिथला ब्राउझर तुमचा नसतो, पण चिठ्ठ्या तुमच्या राहतात. बसल्याबरोबर गुप्त टॅब उघडा, इथे तो खरोखर उपयोगी आहे. पासवर्ड जतन करू का विचारलं तर नाही म्हणा. काम झालं की आधी साइटमधून लॉगआउट, मग टॅब बंद. डाउनलोडच्या फोल्डरात आधार कार्डाची किंवा उताऱ्याची प्रत पडलेली असते, ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा.

ईमेल उघडा राहिला की बंद केला, हे घरी आल्यावर आठवेना, तर स्वतःच्या फोनवर गुगल खात्याची सेटिंग्ज उघडा. सुरक्षेच्या भागात ‘तुमची डिव्हाइस’ अशी यादी असते. तिथे अनोळखी विंडोज संगणक दिसला तर त्यावर बोट ठेवून साइन आउट करा आणि लगेच पासवर्ड बदला. पैशांचा काही घोळ झाल्याचं लक्षात आलं तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकाला फोन लावा. हा क्रमांक देशभर एकच आहे, निपाणीतून लावा नाहीतर कागलमधून.